लाडूच्या आधी पोचायचं

चि. छकुली हिस,



तुझं पत्र पोचलं. हातात फोन असताना आजोबांना शाईने पत्र लिहिणारी नात आमच्या आळीत दुसऱ्या कुणाला नाही, त्यामुळे तुझी आजी ते घेऊन शेजारीपाजारी फिरून आली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मधला तो शीचा मजकूर तेवढा तिने गाळला, असं ती सांगते, पण समोरच्या काकू मला भेटल्या त्या हसतच, तेव्हा नक्की काय गाळलं ते देव जाणे.

तर आपलं तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, लाडू, स्वतःची शी खातं. तू लिहिलं आहेस की आधी तुला किळस आली, मग किळस आली म्हणून वाईट वाटलं आणि मग तो आजारी तर नाही ना, या काळजीने रात्री झोप लागली नाही. शेवटी मात्र लिहितेस की एक पावडर पाहून ठेवली आहे आणि रविवारी मैत्रिणी यायच्या आत हे थांबायला हवं. बाळा, तुझ्या मनात काही वावगं नाही, लाडूच्या पोटातही बहुधा काही वावगं नसेल; मला खुपतो तो फक्त तो रविवार.

मी सगळं आयुष्य गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढलं. गाई-म्हशी-शेळ्यांच्या मागोमाग लोक आपापली कुत्रीही घेऊन येत आणि बाकी सगळं सांगून झालं की जाता जाता, आवाज खाली आणून, हाच प्रश्न विचारत. तेव्हा पहिली गोष्ट ही समजून घे की हे तुझ्याच घरी घडतंय असं नाही, आणि लाडूला कुणी वाईट वळण लावलंय असंही नाही. कुत्रीला पिल्लं होतात तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे त्या पिल्लांना स्वतःहून शी-शू करतासुद्धा येत नाही. आई जिभेने त्यांचं पोट आणि मागचा भाग चाटते तेव्हा कुठे ती करतात, आणि केलेलं सगळं ती तिथल्या तिथे खाऊन टाकते, कारण पिल्लांची जागा कोरडी, स्वच्छ राहायला हवी आणि वासावरून दुसरं जनावर तिथे यायला नको. लाडूने डोळे उघडले तेव्हा त्याच्या आईचं घरकाम हे असं चाललेलं होतं. आपण ज्याला घाण म्हणतो ती त्याच्या लेखी घाण नाही, नाकाला ओळखीची एक वस्तू आहे, बस.

आणि कुत्र्यांचंच कशाला घेऊन बसायचं! घोडीचं शिंगरू पहिल्या काही आठवड्यांत आईची लीद खातं, हत्तीचं पिल्लू कळपातल्या मोठ्यांचं शेण खातं, आणि त्यातूनच चारा पचवणारे बारीक जीव त्यांच्या पोटात वस्तीला जातात. ससा तर स्वतःच्या मऊ लेंड्या थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो, कारण पहिल्या फेरीत पचायचं राहिलेलं सत्त्व त्याला दुसऱ्या फेरीत मिळतं. (तुला लहानपणी ससा हवा होता, आठवतंय? तेव्हा मी हे सांगितलं नव्हतं.)

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस इथे एक शाखा आहे, पशुवैद्यकासाठी नावाजलेली. तिथल्या बेंजामिन हार्ट या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो कुत्रेवाल्यांना प्रश्न विचारून 2018 साली कुत्र्यांच्या या सवयीचा अभ्यास छापला. त्यात असं दिसलं की साधारण 16 टक्के कुत्री हा उद्योग वारंवार करतात, म्हणजे दर सहा कुत्र्यांत जवळपास एक. जी खादाड आहेत, समोर आलेलं चोरून खातात, ती जास्त करतात. आणि जवळपास सगळी ताजीच खातात, दोन दिवसांच्या आतली. यावरून हार्ट यांनी एक तर्क मांडला तो मला फार आवडला. विष्ठेत जंतांची अंडी असली तरी त्यांच्यापासून लागण व्हायला दोन दिवसांहून जास्त वेळ जावा लागतो. तेव्हा लांडग्यांच्या काळात गुहेपाशी कुणा आजारी किंवा म्हाताऱ्या लांडग्याने घाण केली तर ती ताजी असतानाच खाऊन टाकणं म्हणजे सगळ्या कळपाला जंतांपासून वाचवणं झालं. हा तर्कच आहे, पण खरा असेल तर तुझा लाडू गॅलरी झाडून काढतोय असं म्हणायचं! फक्त त्याचा झाडू आपल्याला पसंत नाही.

त्याच अभ्यासात तुझ्या त्या पावडरीबद्दलही आहे. अशी बाजारात मिळणारी अकरा औषधं लोकांनी वापरून पाहिली होती आणि त्यांचा गुण शून्य ते दोन टक्के कुत्र्यांना आला. तेव्हा ते पैसे तुझ्या डब्यात तसेच राहू देत. पैसा वाचवायचा तो कंजूषपणाने नव्हे. उद्या लाडूच्या लशीला, पट्ट्याला, एखाद्या रात्री अचानक डॉक्टरकडे धावायला लागतोच, तेव्हा हात आखडायला नको म्हणून. अननसाची फोड, भोपळ्याचा गर असले उपाय तुला कुणी ना कुणी सांगेलच. थोडं खाल्ल्याने अपाय नाही, पण त्यावर भरवसाही ठेवू नकोस. शीवर तिखट टाकण्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकायचा नाही. त्या जिवाच्या तोंडाची, नाकाची आग होईल आणि शिकेल काय, तर घरात आपल्याला त्रास होतो एवढंच. आणि कांदा-लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट हे कुत्र्याला विषच, मग ते कुणीही कितीही गुणकारी म्हणून सांगो.

मग करायचं काय? करायचं एकच, आणि ते इतकं साधं आहे की लोकांना त्यावर विश्वास बसत नाही: लाडूच्या आधी आपण पोचायचं. जे जमिनीवर उरलंच नाही ते तो खाणार कुठून? तू लिहिलं आहेस की सकाळी तू उठतेस तेव्हा गॅलरीतला कागद ओला असतो, पण शी नसते, म्हणजे ती कुठे गेली ते उघड आहे. पिल्लाचं आतडं फार वक्तशीर असतं. झोपेतून उठल्याबरोबर, जेवल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत आणि दांडगाई करून झाल्यावर त्याला जावंच लागतं. सहा वाजता तो जागा होतो आणि सात वाजता तू, तर मधला तास त्याचा एकट्याचा. तो तास त्याच्याकडून काढून घे. त्याच्याआधी दहा मिनिटं उठ, तोंडावर पाणी मार, पट्टा लाव आणि त्याला बाहेर ने. मी तुला लहानपणापासून लवकर उठ म्हणत आलो तेव्हा तुला वाटायचं की म्हाताऱ्यांना झोप येत नाही म्हणून ते दुसऱ्यांना झोपू देत नाहीत. त्यात थोडं तथ्य आहे. पण पहाटे उठणाऱ्याला दिवसाच्या मागे धावावं लागत नाही, हेही खरं, आणि लाडूच्या बाबतीत तर ते अगदी शब्दशः खरं ठरणार आहे.

एक काम कर. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांमागे कोरी जागा असते, ती पानं टाकू नका असं मी तुझ्या आईला सांगतच असतो. त्यावर आठवडाभर फक्त लिहून ठेव: लाडू कधी जेवला, कधी झोपून उठला, कधी शी केली. आठवड्याने त्याचं वेळापत्रक तुला तुझ्या शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पाठ होईल. तू शाळेत असशील तेव्हा घरी जे कुणी असेल त्यांच्यासाठी तो कागद दारामागे चिकटवून ठेव, म्हणजे आईला किंवा कामाला येणाऱ्या मावशींना दर वेळी विचारावं लागणार नाही.

बाहेर गेल्यावर गप्प उभी राहा. (हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे.) त्याच्याशी बोललीस तर तो खेळायला लागतो आणि कामाचं विसरतो. त्याचं उरकलं रे उरकलं की, मागे वळून हुंगायच्या आत, दोन पावलं मागे होऊन आनंदाने हाक मार, आणि आला की त्याच्या रोजच्या खाण्यातलेच चार दाणे हातावर दे. त्यासाठी वेगळा खाऊ विकत आणायचं कारण नाही. सकाळच्या मापातून मूठभर दाणे काढून खिशात ठेवलेस की झालं. काही दिवसांनी शी झाली की तो आपणहून तुझ्याकडे तोंड करून पळत येईल. त्याचं तोंड तुझ्या हातात गुंतलेलं असताना दुसऱ्या हाताने पिशवीत शी उचल, गाठ मार आणि कचऱ्यात टाक. सोसायटीच्या बागेत असो की रस्त्यावर, उचलायचीच. ते आपल्या घरच्या वळणाला धरून आहे, तुला सांगायला नको.

आणि एखाद्या दिवशी त्याने आधी गाठलंच, तर? नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आजीने तुला किती वेळा सांगितली असेल. ते धावले कारण त्यांना त्याला आणखी काही द्यायचं होतं. आपण ओरडत धावतो ते काढून घ्यायला, आणि हा फरक कुत्र्याला बरोबर कळतो. मागे लागलीस की तो ते घाईघाईने गिळतो, किंवा मग पकडापकडीचा खेळ सुरू झाला असं समजून रोज तसंच करतो. काही पिल्लांना तर शी दिसली की रागावतात एवढंच उमगतं, म्हणून ती घाबरून पुरावाच खाऊन टाकतात. तेव्हा ओरडायचं नाही, तोंडात बोटं घालून काढायचं नाही, आणि नाक शीत घासण्याची ती जुनी रीत कुणी सुचवली तर त्यांना माझ्याकडे पाठव. शांतपणे दुसरीकडे वळायचं आणि पुढच्या वेळी पाच मिनिटं आधी हजर राहायचं.

‘सोड’ हा शब्द मात्र त्याला शिकव, घरात, निवांतपणी. मुठीत दाणा धर, त्याला हुंगू दे, चाटू दे, पंजे मारू दे. ज्या क्षणी तो थांबेल त्या क्षणी ‘सोड’ म्हण आणि दुसऱ्या हातातला दाणा दे. मग दाणा जमिनीवर तळहाताखाली, मग उघडा, मग चालता चालता. रस्त्यावर पडलेलं हाड असो की मेलेला उंदीर, हा शब्द कधीतरी त्याचा जीव वाचवील. पण खरं ते सांगतो, शी खाण्यावर नुसत्या या शब्दानेही फार थोड्यांना यश आलं, असंच त्या अभ्यासात दिसलं. म्हणून शब्द शिकव आणि आधी पोचायचं मात्र सोडू नकोस.

आता त्याच्या पोटाकडे वळू. तू लिहितेस की तो दूध-पोळी आवडीने खातो. खाईलच गं, पण वाढत्या पिल्लाला पोळीने पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगाला हवं ते मिळत नाही, शिवाय दुधाने कित्येक पिल्लांना पातळ शी होते. तीन महिन्यांच्या जिवाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं हवं: पिल्लांसाठीचं तयार खाणं असेल तर पाकिटावर त्याच्या वजनाप्रमाणे माप दिलेलं असतं, ते अंदाजाने न टाकता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून, घरचं करणार असाल तर उकडलेलं अंडं, बिनतिखटमिठाचं चिकन, थोडा भात, आणि बाकी काय ते डॉक्टरांना विचारून. उपाशी पिल्लू काहीही खातं आणि कोंबून भरलेल्याला अर्धवट पचलेलं पडतं, त्याचा वास त्याला पुन्हा जेवणासारखाच येतो. पण खाणं बदलताना एका दिवसात बदलू नका. रोज जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त, असं आठवडाभरात न्यायचं, नाहीतर जुलाब लागतील. बघ, इथेही घाई नको म्हणतोय.

रविवारच्या आत काही करायचंच असेल तर हे कर: त्याच्या ताज्या शीचा लहानसा नमुना स्वच्छ डबीत घेऊन बाबांबरोबर डॉक्टरांकडे जा. कुत्र्याच्या पिल्लाला गोल जंत बहुधा आईच्या पोटातूनच मिळालेले असतात. म्हणून दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांचं होईतो दरमहा जंताचं औषध द्यायची रीत आहे. लाडू तुमच्याकडे यायच्या आधी त्याला काय दिलं गेलं ते माहीत नसेल तर तसंच डॉक्टरांना सांग. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मात्र दिसतात, शी सैल, तेलकट, ढीगभर होते, खाऊनही भूक भागत नाही, असं काही दिसलं तर तेही सांग, कारण क्वचित स्वादुपिंडातून पाचकरस पुरेसे न आल्यानेही असं होतं आणि ते रक्त तपासून कळतं. त्याला अंगाला खाजेसाठी वगैरे स्टेरॉइडचं औषध चालू असेल तर त्यानेही भूक भडकते.

स्वतःची ताजी शी खाल्ल्याने लाडूचं फारसं बिघडत नाही. भीती आहे ती दुसऱ्याच्या शीची. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या विष्ठेतून जंत तर येतातच, पण पार्व्हो नावाचा विषाणू येतो आणि तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो; लशी पुऱ्या न झालेल्या पिल्लाला तो दोन-चार दिवसांत लोळवतो. लशी सोळा आठवड्यांचा होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात, तोवर जिथे अनोळखी कुत्री फिरतात तिथे त्याला हुंगू देऊ नकोस. शेजारच्या मनीच्या वाळूच्या ट्रेपासूनही त्याला लांब ठेव, तिथला वास कुत्र्यांना पक्वान्नासारखा वाटतो. आणि हो, मुक्या जिवावर कितीही माया असली तरी तोंड चाटू द्यायचं नाही आणि त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. कुत्र्याच्या जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर लहान मुलांच्या डोळ्यांपर्यंत इजा पोचू शकते, म्हणून हे ऐच्छिक समजू नकोस.

गॅलरीबद्दल एक सांगायचं राहिलं. चार भिंतींत एकट्याला ठेवलेल्या पिल्लासमोर दुसरं काहीच नसेल तर ते शीच खेळायला घेतं. तू शाळेला जाताना त्याचे थोडे दाणे एका जुन्या पंच्यात गुंडाळून गाठी मारून दे, हुंगत, ओढत, सोडवत बसेल. (पंचा माझा घे, तुमच्याकडच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, आजीला विचारू नकोस.) संध्याकाळी अभ्यासाच्या आधी त्याच्याबरोबर मनसोक्त पळ, दमलेलं पिल्लू उद्योग शोधत नाही.

एवढं सगळं केलंस तरी उद्या फरक दिसणार नाही. आठवडाभरात थोडा दिसेल, मग एखाद्या पावसाळी सकाळी तुला उशीर होईल आणि त्याने पुन्हा खाल्लेलं असेल, आणि तुला वाटेल की सगळं मुसळ केरात. तसं नसतं. विरजण लावल्यावर भांडं सारखं उघडून हलवलं तर दही लागत नाही, ते झाकून ठेवून आपण दुसऱ्या कामाला लागायचं असतं. बरीचशी पिल्लं वर्षाची होईतो हे आपोआप सोडतात. तुला सांभाळायचे आहेत ते मधले महिने, आणि त्यांत सवय घट्ट बसू द्यायची नाही एवढंच तुझं काम. एखादं कुत्रं मोठं झाल्यावरही सोडत नाही. लाडू तसा निघाला तरी शी लगेच उचलणारी ताई घरात असेल तर त्याचं काही अडणार नाही.

तू हे करशील याबद्दल मला शंका नाही. ज्या मुलीने किळस येऊनही पिल्लाला दूर लोटलं नाही, तिला माया शिकवायची गरज नसते. मैत्रिणींना खुशाल येऊ दे. त्यांच्यापैकी कुणी नाक मुरडलं तर शिंगराची आणि सशाची गोष्ट सांग, आणि त्या यायच्या आधी लाडूला एक चक्कर मारून आण.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिकडे येतोय. तोवर डॉक्टर काय म्हणाले ते आणि दिनदर्शिकेच्या पानावरच्या नोंदी मला पत्राने कळव, नुसतं ‘सगळं ठीक’ असं लिहू नकोस. आणि आम्ही आहोत तोवर लाडूची सकाळची फेरी माझ्याकडे, कारण पाचला मी उठतोच. तेवढे दिवस तू खुशाल सातपर्यंत झोप.

आईबाबांना आशीर्वाद, लाडूच्या कानामागे माझ्या नावाने खाजव.

तुझा,
आजोबा